मूड सावरता येतो, हा विश्वास मोजताना

साल्वातोरे कॅटान्झारो आणि जॅक मर्न्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ३० विधानं आहेत. मन बिघडलेलं असताना अमुक केल्यानं मला बरं वाटेल, हे मला कितपत पटतं, ते एक ते पाच अंकांत सांगायचं.

यातली खुबी बघा. तुम्ही काय करता, हे ती विचारत नाही. कशाचा उपयोग होईल असं तुम्हाला वाटतं, ते विचारते. यामागे ज्युलियन रॉटर यांचा विचार आहे: काहीतरी हाती लागेल अशी अपेक्षा असली, तरच माणूस हालचाल करतो. फिरून आल्यावर बरं वाटतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. पण ‘मलाही वाटेल’ असं ज्याला वाटतं, तोच चपला घालतो. कौशल्य आणि भरवसा या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, हे या प्रश्नावलीचं खरं श्रेय.

आता माझे आक्षेप. पहिला शब्दांचा. मूळ इंग्रजीत ‘अपसेट’ या एकाच शब्दात सगळं बसतं. मराठीत काय म्हणणार? उदास? चिडलेला? बेचैन? राग आला तर चार पावलं चालून तो उतरेल, असं मला वाटतं. उदास असताना मात्र अंथरुणातून उठणंच अवघड, तिथे हा भरवसा टिकत नाही. मग दोन्हींची बेरीज करून आलेला एकच आकडा नेमकं कशाबद्दल बोलतो?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. खचलेल्या माणसाला कशाचाच उपयोग होणार नाही असं वाटतं. तो खचल्याचाच एक भाग असतो. त्या दिवशी प्रश्नावली भरली तर गुण कमी येणारच. म्हणजे भरवसा नाही म्हणून तो खचला, की खचला म्हणून भरवसा गेला? एकदाच भरलेल्या कागदावरून हे कळत नाही. त्या वेळची उदासी वेगळी मोजायला हवी, आणि काही काळानं पुन्हा विचारायला हवं.

म्हणून कमी गुण दिसले की ‘याला स्वतःला सावरता येत नाही’ असा शेरा कुणी मारू नये. त्या कागदावर त्याची कुवत मोजलेलीच नाही. आज त्याला आशा किती वाटते, एवढंच तिथे लिहिलंय. आणि आशा वाढू शकते, समुपदेशकाचं काम तिथूनच सुरू होतं.