बॉन्डचं जुनं पिस्तूल

इयान फ्लेमिंगच्या ‘डॉक्टर नो’ (१९५८) या कादंबरीच्या सुरुवातीलाच एम हा वरिष्ठ जेम्स बॉन्डचं १५ वर्षं वापरलेलं बेरेटा काढून घेतो. आधीच्या कादंबरीच्या शेवटी ते ऐन वेळी अडकलं आणि बॉन्ड मरता मरता वाचला, हे त्याचं कारण. शस्त्रतज्ज्ञ मेजर बूथरॉइडचा आक्षेप वेगळाच आहे: .२५ कॅलिबरची गोळी माणसाला थांबवायला कमी पडते. जेफ्री बूथरॉइड या खऱ्याखुऱ्या शस्त्रजाणकाराने १९५६मध्ये फ्लेमिंगला पत्राने हेच कळवलं होतं.

इथं फ्लेमिंगची गफलत होते. पिस्तूल अडकलं ते सायलेन्सर कपड्यात गुंतल्यामुळे. त्यात गोळीचा दोष नव्हता, वयाचाही नव्हता. प्रोग्रॅममधले बग शोधणाऱ्या मला हे निदान खटकतं. बदल्यात मिळालेलं वॉल्थर पीपीके तरी कुठं नवं? त्याची रचना दुसऱ्या महायुद्धाआधीची. १९६२च्या चित्रपटाने पिस्तूलच जॅम झाल्याचं सांगून ही गाठ सोडवली.

तरीही प्रसंग मनात राहतो. पिस्तुलाने १५ वर्षं साथ दिली, हे बॉन्डचं खरं. एकदा दिली नाही, हे एमचंही खरं. चित्रपटात बॉन्ड जाताना बेरेटा गुपचूप उचलायला बघतो, एम त्याला थांबवतो. स्वसंरक्षणासाठी आजही जुनं पिस्तूल कमरेला लावणाऱ्या अमेरिकी माणसाला तो मोह ओळखीचा वाटेल. त्याने एमचंही ऐकावं, आणि नेमकं काय अडकलं होतं तेही तपासावं.