पोस्टकार्डावर मावेल तेवढंच

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड बघून पेशीविभाजनाच्या अवस्था काढायच्या होत्या. मी सीनियरच्या जर्नलमधून चार सुबक गोल उतरवले, गुणसूत्रं रंगीत पेन्सिलीने रंगवली. तोंडी परीक्षेत सरांनी आकृतीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही पेशी तुझ्या स्लाइडवर कुठे आहे, दाखव." मी स्लाइड इकडून तिकडे सरकवत राहिले. तिथल्या बहुतेक पेशींत विभाजन सुरूच झालेलं नव्हतं, आणि माझ्या जर्नलमध्ये तशी एकही पेशी नव्हती.

नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांची चित्रं बघताना मला हाच प्रश्न आठवतो. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे हे प्रमुख. गांधीजींनी काँग्रेस अधिवेशनांच्या सजावटीचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं: १९३६ मध्ये आधी लखनौ आणि मग आपल्या खानदेशातलं फैजपूर, १९३८ मध्ये गुजरातेतलं हरिपुरा. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले होते. हरिपुऱ्याचं अधिवेशन झालं त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला वर्ध्यात मगन संग्रहालय सुरू झालं. खेड्यातल्या हातांचं काम सन्मानाने मांडायचं, हा दोन्हींमागचा विचार एकच.

हरिपुऱ्याची चित्रं पुस्तकात, दिनदर्शिकेवर तुम्ही पाहिली असतील. ढोल वाजवणारा, शेत नांगरणारा, बैलाला आवरणारा, शिंपी, धान्य कांडणाऱ्या बाया. हातकागद पुठ्ठ्यावर ताणून त्यावर मातीचे रंग. जाड, वेगवान रेषा. बऱ्याच चित्रांना कमानीची चौकट. सरळ मंडपात टांगायची चित्रं ही, संग्रहालयासाठी काढलेली नव्हेत. हातकागदाचा पृष्ठभाग एकसारखा नसतो. खळ कमी बसली असेल तिथे तंतू पाणी ओढून घेतात आणि रंग फुटतो. खडबडीत जागी बारीक रेष तुटते. चित्र लांबून, चालता चालता दिसायला हवं, ही आणखी एक अट. मला वाटतं, नंदलालांनी या अडचणींशी भांडण केलं नाही. जाड रेष आणि सपाट रंग ही त्यांची शैली तर होतीच, पण ते त्या कागदाला दिलेलं उत्तरही होतं. प्रयोगाचं साधन आणि प्रयोगाचा निष्कर्ष वेगळे काढता येत नाहीत असं आपण मेथडॉलॉजीच्या पेपरात पाठ करतो. तो ढोलवाला बघितला की ते समजतं.

मात्र या चित्रांबद्दल माझी एक तक्रार आहे. मी पाहिलेल्या हरिपुरा चित्रांत श्रम आहेत, थकवा नाही. नांगरणाऱ्याची पाठ लयीत वाकते, दुखत नाही. कोणी आजारी नाही, कोणी नुसतं बसून नाही. आपल्या भाषेत बोलायचं तर नमुना एकतर्फी निवडलाय. यावर कोणी म्हणेल, उत्सवाची चित्रं ती, त्यात दुखणी कशाला? मान्य. पण मग त्यांना 'तेव्हाच्या खेड्याचा दस्तऐवज' म्हणणं थांबवायला हवं. दस्तऐवज आणि गौरव यांत फरक असतो. दुसरी गोष्ट अशी की ऐंशीच्या आसपास चित्रं नंदलालांनी स्वतः केली आणि विद्यार्थ्यांनी त्यांवरून काढलेल्या प्रती धरून एकूण संख्या चारशेच्या घरात गेली. मूळ रेषेत निरीक्षण आहे. प्रतीतल्या रेषेत मूळ रेषेचं निरीक्षण आहे. माझ्या जर्नलमधले चार गोल म्हणजे हेच.

म्हणून मला नंदलालांची पोस्टकार्डं जास्त मोलाची वाटतात. विद्यार्थ्यांना, स्नेह्यांना ते साध्या कार्डावर शाईची, ब्रशची रेखाटनं करून पाठवत. एखादं झाड, एखादं जनावर, चाललेली माणसं, नाहीतर मोकळं माळरान. हाताने केलेलं भेटकार्ड म्हणतात ते हेच, पण सणावाराची वाट न बघता केलेलं. पोस्टकार्डाची जागा किती? आजचं आपलं कार्ड १४ बाय ९ सेंटिमीटर. एवढ्या जागेत सगळं मावत नाही, त्यामुळे काय सोडायचं ते आधी ठरवावं लागतं. तिथे कमानीची चौकट नाही, मंडपातली गर्दी नाही. पाच-सात फटकाऱ्यांत बकरी उभी राहते आणि ती 'बकरी' या जातीची प्रतिनिधी नसते, त्या सकाळी दिसलेली ती एकच बकरी असते. हरिपुऱ्याचा बैल बघून मला बैल आठवतो. कार्डावरची बकरी बघून मला वाटतं की हिला मी ओळखत नाही, पण कोणीतरी हिला नीट बघितलंय.

स्केचबुक आपल्याकडेच राहतं, कार्ड मात्र दुसऱ्याच्या हातात पडतं, आणि तिथे समजावून सांगायला आपण नसतो. रेषेला एकटीनेच बोलावं लागतं. सिनॉप्सिसमध्ये आकृती टाकताना ही कसोटी लावून बघा. खालचा मजकूर झाका आणि शेजारच्या खोलीतल्या मित्राला विचारा, काय दिसतंय?

नंदलालांचे विद्यार्थी देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला नयी तालीममध्ये कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. ते चित्रकार होते, कुंभारकामही करायचे. मुलांना समोर चित्र ठेवून नक्कल करायला लावणं त्यांना मान्य नव्हतं. मुलाने आपल्या अनुभवातून काढावं, असा त्यांचा आग्रह. १९९८ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं 'आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन' प्रसिद्ध केलं. संशोधनाला लागण्याआधी वाचायच्या यादीत मी ते घालीन, भले विषय तुमचा भौतिकशास्त्र असो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हल्ली जिथे तिथे मिळणारी हातकागदाची भेटकार्डं. कागद खरोखर हाताचा, कडा छान फाटलेल्या, सुती चिंध्यांचे तंतू बोटाला लागतात. कापसाच्या जिल्ह्यात असा कागद हातात घेताना बरं वाटतं. आणि त्यावर काय? साच्यातून उमटवलेला चरखा, नाहीतर वारली बाहुल्यांची रांग. वारली चित्रकला डहाणू-तलासरीकडची. तिथे त्या आकृत्यांना घर आहे, लग्न आहे, देव आहे. इथे त्या नुसत्या शोभेला आल्यात. हात कागदाला लागला, डोळा कशालाच लागला नाही. विकत घेणाऱ्याला दोष देत नाही, मीही घेतलीत.

सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा बघा. कुटी मुळात त्यांनी स्वतःसाठी बांधलेली. मातीच्या भिंतीवर मातीचीच रेष, वेगळा रंग नाही. उजेड तिरपा पडला की झाड स्पष्ट दिसतं, समोरून पडला की जवळजवळ भिंतीत जातं. मी मागच्या हिवाळ्यात तिथे पोस्टकार्ड घेऊन बसले होते. पहिल्या कार्डावर मी 'ताडाचं झाड' काढलं, म्हणजे लहानपणापासून काढत आले तेच. भिंतीकडे परत बघितलं तर तिथलं झाड ते नव्हतंच. दुसऱ्या कार्डावर फक्त एका झापाची कड काढली आणि तिची सावली. बरी आली. ते कार्ड सरांच्या पत्त्यावर टाकलंय.