शेवाळ आजारी पडत नाही काय?

सारसोळ्याच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले, की खाडीच्या चिखलावर हिरवट-तपकिरी साय दिसते. ती सूक्ष्म शैवालांची, मुख्यतः डायटमची. तिथून जवळच एका शालेय विज्ञान प्रदर्शनात आम्ही ‘शेवाळाची शेती’ हा प्रकल्प पाहिला. तक्ता सुबक होता. एका टाकीचे एका दिवसाचे उत्पादन, गुणिले ३६५, गुणिले क्षेत्रफळ; उत्तर डोळे दिपवणारे. मुलांचा यात दोष नाही. शैवालांवरील अनेक लोकप्रिय लेखांत हाच गुणाकार असतो. आमचा आक्षेप त्या लेखांवर आहे. त्यांतले शैवाल कधी आजारीच पडत नाही!

प्रत्यक्षात ते पडते. हेमॅटोकॉकस या हिरव्या शैवालापासून ॲस्टाझँथिन हे महागडे लाल रंगद्रव्य मिळवतात. या शैवालावर जगणाऱ्या एका बुरशीचे वर्णन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे नाव पॅराफायसोडर्मा सेडेबोकेरेन्से. इस्रायलमधील स्दे बोकेर या ठिकाणावरून ते दिले आहे. बुरशीची पेशी शैवालाच्या भित्तिकेला चिकटते, आत धागा घालते, आतला ऐवज शोषून फुगते आणि फुटून नव्या पेशी बाहेर सोडते. त्या प्रत्येकीला नवा यजमान हवा असतो. खाडीच्या सायीत अनेक जाती मिसळलेल्या असतात, तिथे हवा तो यजमान शोधावा लागतो. एकाच जातीच्या दाट टाकीत तो शेजारीच असतो. पाहता पाहता पेशींच्या गुठळ्या होतात आणि टाकी तपकिरी पडते.

ही गोष्ट नवीही नाही. इंग्लंडमधील तळ्यांत ॲस्टेरिओनेला या डायटमवर बुरशीच्या साथी येतात, हे हिल्डा कँटर आणि जॉन लंड यांनी १९४८ मध्येच दाखवले होते.

मग स्पिरुलिना कशी पिकते, असे कोणी विचारील. स्पिरुलिना हा खरे तर नीलहरित जीवाणू. लोणारच्या सरोवरासारख्या अत्यंत अल्कधर्मी पाण्यात तो वाढतो आणि तिथे इतर फार थोडे जीव तग धरतात. ते पाणीच त्याचे कुंपण. हेमॅटोकॉकसला असे कुंपण नाही. एकाच्या यशावरून दुसऱ्याचे भाकीत करणे म्हणूनच चुकीचे आहे.

आपण वर्गात शैवाले एका परिच्छेदात शिकवतो, बुरशी दुसऱ्या. दोघांची गाठ पडते ती बहुधा दगडफुलात, आणि तीही मैत्रीची! वैराची बाजूही मुलांना कळायला हवी. त्यासाठी एक उदाहरण घालता येईल. समजा, टाकी वर्षातून चार वेळा बुडाली आणि पुन्हा उभी करायला दर वेळी तीन आठवडे लागले, तर ३६५ मधून ८४ दिवस गेले, उरले २८१. प्रदर्शनातला तक्ता टाकून देऊ नये, त्यात एवढी एक ओळ वाढवावी.