पुंगळी काय सांगते, काय सांगत नाही

कोल्हापुरात रायफल नेमबाजीचा विषय निघाला की दोन नावं येतातच. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेणारा स्वप्नील कुसाळे. दोन्ही पदकं ५० मीटर रायफलची. या रायफलचं पॉइंट टू-टू काडतूस रिमफायर असतं, म्हणजे ठिणगी देणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. एकदा उडालं की पुंगळी टाकून द्यायची.

मोठ्या रायफलींची सेंटरफायर काडतुसं वेगळी. त्यांच्या बुडाच्या मध्यभागी प्रायमर नावाची छोटी धातूची टोपी बसवलेली असते. प्रायमर बदलून, नवी दारू आणि गोळी भरून तीच पुंगळी पुन्हा वापरता येते. अमेरिकेत हा मोठा छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायलाही परवाना लागतो, त्यामुळे ते करून बघायचा प्रश्न नाही. पण या छंदातली एक पद्धत संशोधनाकडे वळणाऱ्यांनी नीट तपासावी अशी आहे.

पद्धत अशी. दारू किंचित जास्त झाली तर चेंबरमधला दाब धोकादायक होऊ शकतो. घरी दाब मोजायचं साधन नसतं. मग उडालेला प्रायमर बघायचा. कडा गोल असतील तर दाब ठीक. प्रायमर चपटा झाला तर दाब वाढलाय. फायरिंग पिनच्या खड्ड्याभोवती धातूची कड उभी राहिली तर आणखी वाढलाय. भोक पडलं तर थांबा. चित्रांसकट असे तक्ते मिळतात आणि दिसायला ते अगदी शास्त्रीय वाटतात.

माझा आक्षेप असा आहे की या तक्त्यांमध्ये एका परिणामाला एकच कारण दिलेलं असतं.

चपटेपणा घ्या. प्रायमरच्या टोपीचा धातू किती जाड आणि किती कडक, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. त्याच दाबाला एक टोपी चपटी होते, दुसरी होत नाही. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे पुंगळी चेंबरमध्ये सैल बसत असेल तर साध्या दाबालाही प्रायमर चपटा होतो. दाब वाढू लागला की प्रायमर आधी थोडा मागे सरकतो. मग पुंगळीचं बूड मागे येऊन बोल्टवर आपटतं आणि बाहेर आलेली टोपी परत आत दाबली जाते, चेपते. तक्ता म्हणेल ‘दाब जास्त’, आणि खरा दोष फटीचा. खड्ड्याभोवतीच्या कडेचंही तेच. पिनचं भोक मोठं असेल तर धातू त्यात सहज शिरतो.

ही झाली खोटी भीती. खोटा दिलासा जास्त वाईट. पॉइंट ३०८ विंचेस्टर या काडतुसाची अमेरिकी उद्योगसंस्था सामीने ठरवलेली कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. जुन्या पॉइंट ४५-७० ची फक्त २८,०००. प्रायमरला काय माहीत तो कुठल्या बंदुकीत बसलाय? पॉइंट ४५-७० मध्ये दाब मर्यादेच्या कितीतरी वर गेला तरी टोपीच्या कडा गोल राहू शकतात. जुन्या बंदुकीवर जास्तीचा ताण येत असतो आणि तक्ता मात्र ‘ठीक’ म्हणत असतो.

आता कुणी म्हणेल, धातूचं चेपणं बघून दाब कळतच नाही का? कळतो की! १८६० च्या सुमारास अँड्र्यू नोबल यांनी बनवलेलं क्रशर उपकरण नेमकं हेच करतं. दाबाने पिस्टन सरकतो, तांब्याचा छोटा दंडगोल चेपतो, तो किती आखूड झाला हे मोजायचं आणि कोष्टकात बघायचं. म्हणजे प्रायमर आणि क्रशर, दोन्हीकडे धातूच चेपतोय. मग एक मापन आणि दुसरी नुसती खूण असं का? कारण तांब्याचा दंडगोल ठरावीक मापाचा आणि ठरावीक धातूचा असतो, आणि ज्ञात भाराखाली चेपून त्याचं कोष्टक आधीच तयार केलेलं असतं. प्रायमरचं असं कॅलिब्रेशन कुणी केलेलं नसतं.

आणि क्रशरसुद्धा पूर्ण खरं सांगत नाही. रायफलमधला दाब क्षणात चढतो आणि उतरतो, तांब्याला तेवढ्या वेळात पूर्ण चेपता येत नाही. म्हणून त्याच पॉइंट ३०८ ची मर्यादा क्रशरवर ५२,००० येते आणि पिझोइलेक्ट्रिक सेन्सरवर ६२,०००. इथे एक गोष्ट मला मनापासून आवडते. क्रशरच्या आकड्याला पीएसआय न म्हणता ‘कॉपर युनिट्स ऑफ प्रेशर’ असं वेगळं नाव दिलं गेलं. जे मोजलं, त्याचंच नाव लावलं.

मग प्रायमर बघणं सोडून द्यायचं का? नाही. त्याच रायफलमध्ये, त्याच बनावटीच्या प्रायमरवर अचानक बदल दिसला तर थांबायलाच हवं. भोक पडलं तर कारण काहीही असो, थांबायचं. म्हणजे खूण दिसली तर ती थांबायला पुरेशी आहे. खूण दिसली नाही, एवढ्यावर पुढे जायची परवानगी मात्र मिळत नाही. तक्ते हा फरक सांगत नाहीत, आणि धोका तिथेच आहे.

हे सगळं तुमच्या-माझ्या प्रयोगशाळेत रोज घडतं. एक्सआरडीतलं शिखर रुंद दिसलं की शेररचं सूत्र लावायचं आणि ‘कणांचा आकार १८ नॅनोमीटर’ असं लिहून मोकळं व्हायचं. पण शिखर स्फटिकातल्या ताणानेही रुंद होतं, उपकरणामुळेही होतं. उपकरणाचा वाटा वजा केला नाही, ताणाचा विचार केला नाही, तर तो १८ म्हणजे चपटा प्रायमरच.

पुढच्या वेळी पेपर वाचताना ‘यावरून दिसून येते’ असं वाक्य आलं की तिथे थांबा आणि तीन प्रश्न विचारा. हाच परिणाम आणखी कशाने होऊ शकतो? ही खूण ज्ञात मूल्यांवर कुणी तपासली आहे का? आणि परिणाम दिसला नाही, तर त्यावरून लेखक काय गृहीत धरतोय? पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत तुमच्या एम.एस्सी. प्रोजेक्टवर प्रश्न आले, तर बहुतेक याच तीनपैकी एखादा असेल.