कंपायलर कोणता, हे कोण सांगणार?

प्रयोगवहीत साहित्य आधी लिहायचे आणि कृती नंतर, हे आपण मुलांना बजावून सांगतो. संगणकाच्या पुस्तिका लिहिणारे हा नियम पाळतातच असे नाही. पायथन भाषेच्या अधिकृत पुस्तिकेतील एका प्रकरणाबद्दल आम्हाला या अंगाने लिहायचे आहे. विंडोजवर सी भाषेत पायथनसाठी जोडणी, म्हणजे एक्स्टेन्शन, कशी बांधावी हा त्याचा विषय.

पायथन १९९१ मध्ये लोकांपुढे आली. तिचा नेहमीचा इंटरप्रिटर सी भाषेतच लिहिलेला आहे. आकडेमोडीचा जड भाग पायथनमध्ये हळू चालतो, म्हणून तेवढाच सीमध्ये लिहून जोडता येतो. त्यासाठी कंपायलर लागतो आणि विंडोजबरोबर तो आयता मिळत नाही.

मग मिळेल तो कंपायलर का चालत नाही? सीमधला प्रोग्राम फाइल उघडणे, मेमरी मागणे ही कामे कंपायलरबरोबर येणाऱ्या रनटाइम लायब्ररीकडून करून घेतो. पूर्वी व्हिज्युअल सी++ च्या प्रत्येक आवृत्तीची लायब्ररी वेगळी असे. समजा, देवळाबाहेर चपला ठेवायचे दोन स्टँड आहेत. एकावरचा ३७ नंबरचा बिल्ला आपण दुसऱ्यावर दिला, तर भलत्याच्याच चपला हाती येतील. एका लायब्ररीकडून घेतलेली मेमरी दुसरीला परत केली की असेच होते. फरक इतकाच की इथे कोणी हुज्जत घालत नाही. प्रोग्राम कोलमडतो, आणि तोही कधीकधी बऱ्याच वेळाने.

म्हणून पायथन ज्या आवृत्तीने बांधली तीच वापरा, असा दंडक होता. पायथन २.७ साठी २००८ ची, ३.३ आणि ३.४ साठी २०१० ची. आता २.७ ची पुस्तिका पाहा. प्रोजेक्ट फायली ७.१ आवृत्तीसाठी आहेत, पण त्याहून जुनीही चालेल, असे ती म्हणते. लगेच पुढे सांगते, पायथन ज्याने बांधली तीच आवृत्ती घ्या. ७.१ म्हणजे तर २००३ ची! दोन्ही वाक्ये आपापल्या जागी प्रामाणिकपणे लिहिली गेली असतील. ती एकत्र वाचून पाहिलेली दिसत नाहीत. नवखा विद्यार्थी अशा वेळी पुस्तिकेला दोष देत नाही. आपल्यालाच कळत नाही असे समजून तो उठून जातो.

गंमत म्हणजे उत्तर डोळ्यांसमोर असते. विंडोजवर पायथन सुरू केली की वरच कंपायलरचा आकडा दिसतो. २.७ मध्ये तो १५०० असे. १५०० म्हणजे आवृत्ती ९.०, आणि ९.० म्हणजे २००८. एका वस्तूची तीन नावे! शेजारीच ३२ बिट की ६४ बिट हेही लिहिलेले असते. वाचकाला आधी तिकडे पाहायला सांगायला हवे होते.

याच प्रकरणातला युनिक्स आणि विंडोज यांच्यातील फरकाचा भाग मात्र फार चांगला आहे. युनिक्समध्ये जोडणी आपल्याला हवी असलेली नावे मागे ठेवते आणि ती चालू प्रोग्राममध्ये शोधली जातात. विंडोजमध्ये डीएलएल एका तक्त्यातून हाका मारते. हे इतक्या स्वच्छपणे सांगितलेले आम्ही फार थोड्या ठिकाणी वाचले आहे. सिद्धांत उत्तम, साहित्याची यादी कच्ची, असा हा मामला आहे.

२०१५ मध्ये पायथन ३.५ आली आणि सर्व नव्या आवृत्त्यांना सामायिक अशी लायब्ररी वापरात आली. तेव्हा हे दुखणे बरेच कमी झाले. २.७ चा सांभाळही २०२० मध्ये थांबला. आधीच बांधलेल्या जोडण्या 'व्हील' रूपात मिळतात, त्यामुळे पुष्कळांना कंपायलर लागतच नाही. पण स्वतःची जोडणी लिहायची तर तो लागतोच.

आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीचे दोन दिवस असेच गेले. पायथन ६४ बिटची होती आणि आम्हीच तिला ३२ बिटच्या कंपायलरची खिडकी उघडून दिली होती. लिंकर पन्नासेक नावे सापडत नसल्याचे सांगत राहिला आणि आम्ही तिच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. आता तिने एक कागद भिंतीवर लावला आहे: पायथनची पहिली ओळ काय दाखवते, त्यासाठी कोणती खिडकी उघडायची, आणि चार ओळींची कोणती फाइल आधी बांधून पाहायची. खाली तिने तारीख घातली आहे, आणि पायथनची आवृत्तीही.