पट्टी उतरवली तर काय बिघडेल?

‘गन्स अँड रोझेस’ २०१२ साली मुंबईत येऊन गेले तेव्हा बँडमध्ये स्लॅश नव्हता. त्यामुळे १७ मे २०२५ला महालक्ष्मी रेसकोर्सवर ॲक्सल रोझ, स्लॅश आणि डफ मॅकेगन एकत्र उभे राहिले, तेव्हा नव्वदच्या दशकात कॅसेटी झिजवलेल्या आम्हा मंडळींची जुनी उधारी फिटली. निदान फिटल्यासारखी वाटली.

स्लॅशची बोटं अजून तशीच चालतात. ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’ची सुरुवात वाजली आणि मैदान वेडं झालं. ॲक्सलचा आवाज मात्र वरच्या सप्तकात पातळ झालाय. जिथे पूर्वी कान चिरत जाणारी किंकाळी होती, तिथे आता बारीक, पोकळ सूर लागतो. मग मैदानच गातं आणि ती फट बुजून जाते.

अशा कॉन्सर्टनंतर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. ‘या वयातही काय एनर्जी आहे!’ किंवा ‘आता थांबा की राव!’ मला दोन्ही आळशी वाटतात. वय काही कुणी निवडत नाही. त्या वयात काय गायचं आणि कसं, हे निवडता येतं. बोलायचं तर त्याबद्दल बोलू या.

‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ आला १९८७ साली. ॲक्सल तेव्हा २५ वर्षांचा होता, २०२५च्या मुंबईतल्या कॉन्सर्टच्या वेळी ६३चा होता. तरी गाणी जवळपास त्याच उंचीवरून गायची, कारण लोकांच्या कानात रेकॉर्ड बसलंय. आपल्याकडच्या ख्यालगायकाला हा जाच नाही. राग एका रेकॉर्डमध्ये गोठलेला नसतो. गवई आपली पट्टी उतरवतो, मंद्रात रमतो, दमाला झेपेल तशी मांडणी करतो. भीमसेन जोशी २००७च्या सवाईत ८५व्या वर्षी गायले. तरुणपणीच्या ताना मोजायला तिथे कोण बसलं होतं?

रॉकमध्ये हे जमतच नाही असं मात्र नाही. रॉबर्ट प्लांट बघा. १० डिसेंबर २००७ला लंडनच्या ओटू अरीनात ‘लेड झेपेलिन’ पुन्हा एकत्र आले. त्यानंतर जगभर दौरा काढून अमाप पैसा करता आला असता. प्लांटने ते नाकारलं आणि ब्लूग्रासमधून आलेल्या ॲलिसन क्राउससोबत गात राहिला. तिच्यासोबत तो झेपेलिनची जुनी गाणीही गातो, पण त्यांची चाल-ढाल बदलून, आज गळ्यात जे आहे त्यावर. ऐकताना काही हरवलंय असं वाटत नाही. गाणं त्याच्याबरोबर वयात आलंय, एवढंच.

ॲक्सलला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही. पण आम्ही तिकीट काढतो ते आमच्या कॉलेजच्या दिवसांचं. त्याने एक सूर हलवला तरी आम्हीच बोंब मारू. म्हणून तो दर रात्री २५ वर्षांच्या स्वतःची नक्कल करतो आणि आम्ही मोबाइल वर धरून ती साठवतो.

मला एकदा ‘नोव्हेंबर रेन’ फक्त पियानोवर ऐकायचंय, दोन सूर खाली, फटाके न उडवता. संपत जाणाऱ्या गोष्टींबद्दलचं ते गाणं त्याने तिशीच्या आत रेकॉर्ड केलं होतं. त्याचा अर्थ त्याला आज जास्त ठाऊक असणार.