जादा कार्ड कशाला? हवेचे गणित आधी जमवा

उड्डाण सिम्युलेटरसाठी भौतिकीची वेगळी चिप हवी, या मागणीने पुन्हा डोके वर काढले आहे आणि तीही 2025 नंतर, याचा मला मनापासून संताप येतो. त्या वर्षी एनव्हिडियाने आरटीएक्स 50 मालिकेच्या ग्राफिक्स कार्डांतून 32-बिट फिजएक्स या खेळांतल्या भौतिकीच्या प्रणालीचा आधार काढून घेतला. ओरड झाल्यावर निवडक खेळांपुरता परत दिला. खेळ एका कंपनीच्या चिपला बांधला की त्याचे आयुष्य तिच्या मर्जीवर जाते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

एजियाचे फिजएक्स कार्ड 2006 मध्ये बाजारात आले आणि 2008 मध्ये कंपनीच एनव्हिडियाने घेतली. ‘घोस्ट रिकन’ या खेळात त्या कार्डाने स्फोटानंतर जास्त तुकडे उडवले आणि चित्र मात्र संथ केले. 2006 च्याच ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’लाही ते जोडावे, असा आग्रह होता. पण तो सिम अडखळत होता झाडे-इमारतींच्या गर्दीने. विमानाच्या हालचालीचे गणित साधा प्रोसेसर सहज उरकतो.

खरी प्रगती झाली ती एक्स-प्लेन या सिममध्ये. त्याचा निर्माता ऑस्टिन मायर याने पंखाचे छोटे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यावर वारा कोणत्या कोनात येतो, हे वेगळे काढले. सेसना 172 चे नाक उचलत वेग कमी करा, स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल सुटत असल्याचा, भोंगा वाजू द्या आणि रडर दाबा. एका पंखाचा आघातकोन, म्हणजे वारा येण्याचा कोन, आधी मर्यादा ओलांडतो, तो पंख खाली पडतो, विमान गिरकीत शिरते. हे कोणी आधी लिहून ठेवलेले दृश्य नाही. तुकड्यांच्या हिशेबातून ते आपोआप घडते. यासाठी लागली ती कल्पना, आणि ती साध्या प्रोसेसरवर चालते. मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या सिमनेही पुढे विमानाभोवतीचा वायुप्रवाह मोजायला घेतला, ही आनंदाची गोष्ट.

कार्डवाल्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. जे हार्डवेअर निम्म्या ग्राहकांकडे नसेल, त्यावर उड्डाणच सोपवायचे धाडस कोणता विकसक करेल? तो धूर, धूळ, तुटके पत्रे तेवढे सोपवणार. म्हणजे पैसे भौतिकीचे आणि हाती सजावट!

हैदराबादच्या विकसकांना तर हे कळायलाच हवे. इंडियन एअरलाइन्सच्या इथल्या केंद्रीय प्रशिक्षण संस्थेत वैमानिक सिम्युलेटरवर तयार झाले. अशा पूर्ण उड्डाण सिम्युलेटरला मान्यता देताना त्याचे वागणे प्रत्यक्ष उड्डाणात नोंदलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात. त्याची विश्वासार्हता त्या आकड्यांत आहे. घरगुती सिमला नेमके तेच कमी पडते: पावसाळी हवेतले झटके, ओल्या धावपट्टीवरचे ब्रेक, तापलेल्या दुपारी लांबलेली धाव. नोव्हेंबर 2024 मध्ये गेम विकसकांची देशव्यापी परिषद याच शहरात भरली होती. चिप बनवणाऱ्यांची कार्यालयेही इथेच आहेत. पण दारात चिप आहे म्हणून ती सिममध्ये घालायची, हे कारण होऊ शकत नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे: उड्डाण सिमसाठी वेगळे भौतिकी कार्ड नको. तो पैसा निवृत्त वैमानिकांना आणि वायुगतिकीच्या अभियंत्यांना द्या, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय एकही विमान बाजारात आणू नका.